कर्बोदके

कर्बोदके किंवा कार्बोहायड्रेटे हा मुख्यत्वे कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन या मूलद्रव्यांपासून बनलेल्या सेंद्रिय संयुगांचा एक मोठा वर्ग आहे. साखर, गूळ, मध, दुधातील गोडवा, तांदूळ व ज्वारीतील पिष्ट, कापूस, लाकूड, कागद, डिंक आणि कीटकांचे कवच हे सर्व पदार्थ पूर्णतः किंवा बहुतांशी कर्बोदकांचे बनलेले असतात. वनस्पतींच्या शुष्क वजनाचा सर्वांत मोठा भाग कर्बोदकांचा असतो. त्यामुळे निसर्गात वजनाने सर्वाधिक आढळणारी सेंद्रिय संयुगे म्हणून त्यांची गणना होते.

कर्बोदकांचे गुणधर्म केवळ त्यांच्या घटक अणूंवर अवलंबून नसतात. ते अणू अवकाशात कसे मांडलेले आहेत आणि शर्करेची एकके एकमेकांना कोणत्या प्रकारे जोडलेली आहेत, यावर ते ठरतात. भात आणि कापूस या दोहोंचा मूळ घटक ग्लुकोज हाच आहे, परंतु जोडणीतील फरकामुळे एक अन्न ठरते व दुसरे वस्त्र. कर्बोदकांच्या वर्गीकरणाचा पायाही हाच आहे.

नाव व व्याख्या

‘कर्ब’ म्हणजे कार्बन व ‘उदक’ म्हणजे पाणी. या दोन शब्दांच्या संधीतून ‘कर्बोदक’ हा मराठी शब्द तयार झाला आहे. अभ्यासलेल्या पहिल्या संयुगांमध्ये हायड्रोजन व ऑक्सिजनच्या अणूंचे प्रमाण पाण्याप्रमाणेच दोनास एक असे आढळले. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ व ऑक्सिजनचे ६ अणू असतात, तर उसाच्या साखरेच्या रेणूत हीच संख्या अनुक्रमे १२, २२ व ११ अशी असते. त्यावरून ही संयुगे म्हणजे पाण्याशी संयोग पावलेला कार्बन असावा, असा समज एकोणिसाव्या शतकात रूढ झाला व त्यातून हे नाव पडले.

हा समज पुढे चुकीचा ठरला. कर्बोदकांमध्ये पाण्याचे रेणू स्वतंत्रपणे अस्तित्वात नसतात. शिवाय व्हिनेगारमधील ॲसिटिक आम्ल आणि दह्यातील लॅक्टिक आम्ल यांच्यातही हे प्रमाण दोनास एक असेच असते, मात्र ती कर्बोदके नव्हेत. उलट डीएनएचा घटक असलेली डीऑक्सिरायबोज आणि वनस्पतींमधील ऱ्हॅम्नोज या शर्करा त्या प्रमाणात बसत नाहीत, तरीही त्या कर्बोदके आहेत. कायटिनमध्ये तर नायट्रोजनही असतो.

म्हणून आज कर्बोदकांची व्याख्या रचनेवरून केली जाते. ज्या संयुगांच्या रेणूत अनेक हायड्रॉक्सिल गट आणि त्यांच्यासोबत अल्डिहाइड किंवा कीटोन गट असतो, तसेच ज्यांच्या जलविच्छेदनाने अशी संयुगे मिळतात, त्यांना कर्बोदके म्हणतात. या संयुगांपासून थोड्या बदलाने तयार होणाऱ्या पदार्थांचाही या वर्गात समावेश होतो.

पाश्चात्त्य भाषांत शर्करांसाठी वापरला जाणारा ‘सॅकराइड’ हा शब्द ग्रीकमधून आला असून त्याचे मूळ संस्कृतातील ‘शर्करा’ या शब्दात आहे. शर्करा या शब्दाचा मूळ अर्थ वाळू किंवा बारीक खडे असा होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असे उसाच्या रसापासून होणारे पदार्थ दिले आहेत.

अभ्यासाचा इतिहास

१७४७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आन्द्रेआस मार्गग्राफ याने बीटच्या कंदातील साखर ही उसाच्या साखरेसारखीच असल्याचे दाखविले. १८११ मध्ये किर्खहोफ याने पिष्ट सौम्य आम्लात उकळून त्यापासून गोड पदार्थ मिळविला. पिष्ट हे शर्करेच्या एककांपासून बनलेले असते, याचा हा महत्त्वाचा पुरावा होता. ‘ग्लुकोज’ हे नाव १८३८ मध्ये रूढ झाले. त्याच सुमारास आन्सेल्म पायेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील पदार्थ वेगळा करून त्यास सेल्युलोज हे नाव दिले. त्यापूर्वी १८३३ मध्ये पायेन व पेर्सो यांनी अंकुरित जवापासून पिष्टाचे विघटन करणारा डायास्टेज हा विकर वेगळा केला होता. यकृतातील ग्लायकोजेनचा शोध क्लोद बेर्नार याने लावला.

शर्करांच्या रेणूतील अणूंची अवकाशीय मांडणी उलगडण्याचे श्रेय एमील फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. १८९१ पर्यंत त्याने ग्लुकोज व तिच्या समघटकांचे सापेक्ष विन्यास निश्चित केले. आरशातील प्रतिमेप्रमाणे असणाऱ्या दोन रूपांपैकी निसर्गातील ग्लुकोजचे रूप कोणते, हे ठरविण्याचे साधन त्या काळी नव्हते. फिशरने त्यांपैकी एक रूप गृहीत धरले. १९५१ मध्ये बाइव्हुट व त्याच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने निरपेक्ष विन्यास मोजण्याची पद्धत सिद्ध केली, तेव्हा फिशरचे गृहीतक बरोबर असल्याचे आढळले. फिशर यास १९०२ चे, शर्करांच्या चक्रीय संरचनेवरील कार्यासाठी वॉल्टर हॅवर्थ यास १९३७ चे, तर सजीवांतील कर्बोदकांच्या संश्लेषणावरील कार्यासाठी लुईस लेल्वार यास १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रासायनिक संरचना

साध्या शर्करेच्या रेणूत कार्बन अणूंची शाखारहित साखळी असते. साखळीतील एक कार्बन अणू दुहेरी बंधाने ऑक्सिजनला जोडलेला असतो व उरलेल्या प्रत्येक कार्बनवर सामान्यतः एक हायड्रॉक्सिल गट असतो. दुहेरी बंधाचा ऑक्सिजन साखळीच्या टोकाला असेल, तर अल्डिहाइड गट तयार होतो व ती शर्करा अल्डोज ठरते. तो आतल्या कार्बनवर असेल, तर कीटोन गट तयार होतो व शर्करेला कीटोज म्हणतात. ग्लुकोज ही अल्डोज असून फ्रुक्टोज ही कीटोज आहे. दोहोंचे रेणुसूत्र मात्र एकच आहे.

ज्या कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले असतात, त्यास असममित कार्बन म्हणतात. अशा प्रत्येक कार्बनवरील गटांच्या दोन भिन्न मांडण्या संभवतात. ग्लुकोजच्या सरळ साखळीत चार असममित कार्बन असल्याने त्याच सूत्राचे व त्याच प्रकारचे १६ समघटक शक्य असतात. त्यांपैकी आठ ‘डी’ व आठ ‘एल’ श्रेणीतील होत. निसर्गातील बहुतेक शर्करा डी श्रेणीतील असतात. ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांच्यातील फरक केवळ चौथ्या कार्बनवरील एका हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेचा आहे. एवढ्याशा फरकानेही शरीरात त्यांच्यावर वेगवेगळे विकर कार्य करतात.

पाण्यातील द्रावणात ग्लुकोजची साखळी सरळ राहत नाही. पाचव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाची पहिल्या कार्बनवरील अल्डिहाइड गटाशी अभिक्रिया होऊन सहा अणूंचे वलय तयार होते. वलय मिटताना पहिल्या कार्बनवर नवा हायड्रॉक्सिल गट दोन दिशांपैकी एका दिशेने येतो व त्यानुसार आल्फा आणि बीटा अशी दोन रूपे होतात. पाण्यात ही रूपे एकमेकांत रूपांतरित होत राहतात. शुद्ध आल्फा-ग्लुकोजच्या ताज्या द्रावणाचे विशिष्ट प्रकाशीय वलन सुमारे अधिक ११२ अंश असते, बीटाचे अधिक १८.७ अंश असते. कोणत्याही रूपापासून आरंभ केला तरी काही वेळाने ते अधिक ५२.७ अंशांवर स्थिरावते. या घटनेला म्युटारोटेशन म्हणतात. समतोलावस्थेत सुमारे ३६ टक्के रेणू आल्फा रूपात व ६४ टक्के बीटा रूपात असतात.

एका शर्करेच्या वलयातील पहिला कार्बन दुसऱ्या शर्करेच्या हायड्रॉक्सिल गटाशी पाण्याचा एक रेणू बाहेर टाकून जोडला गेला, म्हणजे ग्लायकोसिडिक बंध तयार होतो. हा बंध झाला की आल्फा किंवा बीटा ही दिशा कायम होते.

वर्गीकरण

कर्बोदकांचे प्रमुख वर्गीकरण रेणूतील शर्करा एककांच्या संख्येवरून केले जाते.

एकशर्करा (मोनोसॅकराइडे): जलविच्छेदनाने यांपासून आणखी साधी शर्करा मिळत नाही. कार्बन अणूंच्या संख्येनुसार त्यांचे पोटवर्ग पडतात.
• तीन कार्बन: ग्लिसराल्डिहाइड, डायहायड्रॉक्सिॲसिटोन.
• पाच कार्बन: रायबोज (आरएनएचा घटक), झायलोज व ॲरॅबिनोज (वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील घटक).
• सहा कार्बन: ग्लुकोज (द्राक्षशर्करा), फ्रुक्टोज (फलशर्करा), गॅलॅक्टोज, मॅनोज.

द्विशर्करा (डायसॅकराइडे): दोन एककांच्या जोडणीने तयार होतात.
• सुक्रोज (इक्षुशर्करा): ग्लुकोज व फ्रुक्टोज. ऊस व बीट यांतील साखर हीच होय.
• लॅक्टोज (दुग्धशर्करा): गॅलॅक्टोज व ग्लुकोज. गाईच्या दुधात हिचे प्रमाण सुमारे ४.८ टक्के, तर मानवी दुधात सुमारे ७ टक्के असते.
• माल्टोज: दोन ग्लुकोज एकके आल्फा बंधाने जोडलेली. मोड आलेल्या धान्यात आढळते.
• ट्रिहॅलोज: दोन ग्लुकोज एकके पहिल्या कार्बननीच परस्परांशी जोडलेली. अळिंबीत व कीटकांच्या शरीरद्रवात आढळते.

अल्पशर्करा (ऑलिगोसॅकराइडे): साधारणतः तीन ते दहा एककांच्या असतात. हरभरा, तूर, वाटाणा आदी कडधान्यांत रॅफिनोज व स्टॅकिओज या अल्पशर्करा असतात. त्यांतील गॅलॅक्टोजचा बंध तोडणारा विकर मानवी लहान आतड्यात नसतो. त्यामुळे त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात व तेथील जिवाणू त्यांचे किण्वन करून वायू निर्माण करतात. कडधान्यांना मोड आणताना बीजातील विकर या शर्करा वापरून टाकतात. मोडाची उसळ पचायला हलकी वाटण्याचे हे एक कारण आहे.

बहुशर्करा (पॉलिसॅकराइडे): शेकडो ते हजारो एककांच्या साखळ्या असतात. कार्यानुसार त्यांचे तीन गट करता येतात.
• साठवणीच्या: वनस्पतींमधील पिष्ट, प्राण्यांमधील ग्लायकोजेन, कांदा व लसूण यांतील फ्रुक्टोजयुक्त इन्युलिन.
• आधार देणाऱ्या: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, कायटिन.
• चिकट व जेली बनविणाऱ्या: पेरू व सफरचंदातील पेक्टिन, सागरी शैवलांतील अगार, गवारीच्या बियांतील गवार गोंद, डिंकाच्या लाडवातील खाण्याचा डिंक, भेंडीतील बुळबुळीत द्रव्य.

एकाच प्रकारच्या एककांनी बनलेल्या बहुशर्करांना समबहुशर्करा व भिन्न एककांच्या बहुशर्करांना विषमबहुशर्करा म्हणतात. प्रथिने व मेद यांच्याशी जोडलेली कर्बोदकेही महत्त्वाची आहेत. मानवी रक्ताचे ए, बी व ओ हे गट तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करा-साखळ्यांच्या टोकाकडील फरकावरून ठरतात.

पिष्ट आणि सेल्युलोज

पिष्ट हे दोन घटकांचे मिश्रण असते. अमायलोज ही मुख्यतः शाखारहित साखळी असून सामान्य पिष्टात तिचे प्रमाण २० ते ३० टक्के असते. उरलेला भाग शाखायुक्त अमायलोपेक्टिनचा असतो. दोहोंत ग्लुकोज एकके आल्फा बंधाने जोडलेली असतात. या बंधामुळे साखळी मळसूत्राप्रमाणे वळते, तिच्यात पाणी शिरू शकते व पाचक विकर तिच्यापर्यंत पोचतात. आयोडीन या मळसूत्राच्या पोकळीत अडकले की गडद निळा रंग येतो. शालेय प्रयोगशाळेतील पिष्टाची परीक्षा यावरच आधारलेली आहे.

सेल्युलोजमध्येही एकक ग्लुकोजच असते, पण बंध बीटा प्रकारचा असतो. त्यामुळे प्रत्येक पुढचे एकक आधीच्याच्या तुलनेत उलटे बसते व साखळी सरळ राहते. अशा अनेक साखळ्या शेजारी शेजारी येऊन हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात. परिणामी सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही व त्याचा धागा मजबूत असतो. मानवी शरीरात बीटा बंध तोडणारा सेल्युलेज हा विकर नसतो. गाय, म्हैस, शेळी यांसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्याही शरीरात तो तयार होत नाही, परंतु त्यांच्या जठराच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीव तो पुरवितात. म्हणून कडबा हे गुरांचे अन्न आहे आणि त्याच ताटावरील कणसाचे दाणे माणसाचे.

बुधवार पेठेतील उदाहरणे

पुणे शहरातील बुधवार पेठ या जुन्या पेठेत कर्बोदकांची ही भिन्न रूपे थोड्या अंतरात पाहावयास मिळतात. पेठेतील सुप्रसिद्ध श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपतीच्या नावातच मिठाईच्या व्यवसायाचा उल्लेख आहे. गणपतीला मोदक व दूर्वा वाहण्याची प्रथा आहे. उकडीच्या मोदकाची पारी तांदळाच्या पिष्टाची असते, सारणातील गुळात मुख्यत्वे सुक्रोज असते, तर दूर्वांच्या पात्यांत सेल्युलोजचा मोठा वाटा असतो. पिष्टात व सेल्युलोजमध्ये केवळ ग्लुकोज असते, सुक्रोजमध्ये तिच्यासोबत फ्रुक्टोज.

पिठाची उकड काढताना पिष्टाचे कण गरम पाणी शोषून फुगतात व फुटतात. त्यातून बाहेर पडलेल्या साखळ्यांमुळे पिठाला चिकटपणा येतो. तांदूळ व ज्वारी यांत गव्हाप्रमाणे ग्लुटेन तयार करणारी प्रथिने नसतात. त्यामुळे मोदकाची पारी किंवा ज्वारीची भाकरी न चिरता व्हावी यासाठी पीठ कढत पाण्यात मळणे किंवा उकड काढणे आवश्यक ठरते. थंड झाल्यावर अमायलोजच्या साखळ्या पुन्हा जवळ येऊन पाणी बाहेर टाकतात. गार मोदक व शिळी भाकरी कडक होते ती यामुळे.

याच पेठेतील तुळशीबागेच्या परिसरात मकर संक्रांतीच्या सुमारास हलव्याचे दागिने विक्रीस येतात. तीळ किंवा खसखस मंद आचेवरील परातीत सतत हलवीत त्यावर साखरेचा पाक थोडा थोडा सोडला जातो. पाण्याचे बाष्पीभवन होत असताना सुक्रोजचे स्फटिक दाण्यावर वाढत जातात व काटा येतो. पाकात लिंबाचा रस पडला, तर सुक्रोजचे अंशतः विघटन होऊन स्फटिक बनण्यास अडथळा येतो. म्हणून गुलाबजामाच्या पाकात लिंबू उपयुक्त ठरते आणि हलव्याच्या पाकात ते चालत नाही.

अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात पुस्तकांची मोठी बाजारपेठ आहे. १८४८ मध्ये स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर हे ग्रंथालयही बुधवार पेठेतच आहे. कागद हा मुख्यतः सेल्युलोजच्या धाग्यांचा बनलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागदनिर्मितीत वापरल्या गेलेल्या तुरटीसारख्या आम्लधर्मी द्रव्यांमुळे कागदातील सेल्युलोजचे सावकाश जलविच्छेदन होते, साखळ्या आखूड होतात व पाने ठिसूळ बनतात. लिंबू पिळलेल्या पाकात जी अभिक्रिया काही मिनिटांत होते, तिच्याच प्रकारची अभिक्रिया जुन्या ग्रंथांत अनेक दशके चालू असते. जुनी पुस्तके टिकविण्यासाठी त्यांतील आम्ल उदासीन करण्याची प्रक्रिया त्यामुळेच करावी लागते.

रासायनिक गुणधर्म

क्षपण: ज्या शर्करेचे वलय उघडून अल्डिहाइड गट मोकळा होऊ शकतो, ती क्षपणकारी शर्करा होय. ग्लुकोज, लॅक्टोज व माल्टोज या क्षपणकारी आहेत. फ्रुक्टोजही अल्कधर्मी द्रावणात रूप बदलून क्षपण घडविते. या शर्करा बेनेडिक्ट किंवा फेलिंग द्रावणातील निळ्या कॉपर आयनांचे क्षपण करून विटकरी साका देतात. सुक्रोजमध्ये दोन्ही एककांचे क्षपणकारी कार्बन परस्परांशी बांधले गेलेले असल्याने ती क्षपणकारी नाही. याच कारणाने ती रासायनिकदृष्ट्या तुलनेने स्थिर असून साठवणीस योग्य ठरते.

जलविच्छेदन व विपर्यय: सुक्रोजचे विशिष्ट वलन अधिक ६६.५ अंश असते. आम्ल किंवा इन्व्हर्टेज विकराच्या योगाने तिच्यापासून ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे समभाग मिश्रण मिळते व वलन सुमारे उणे २० अंश होते. वलनाची दिशा उलटत असल्याने या क्रियेस विपर्यय म्हणतात. मधातील शर्करा मुख्यतः अशाच मिश्रणाच्या स्वरूपात असते. फ्रुक्टोज ही सुक्रोजपेक्षा गोड असते.

उष्णतेचा परिणाम: कोरडी साखर सुमारे १६० अंश सेल्सिअसच्या वर तापविल्यास तिचे कॅरमेल होते. क्षपणकारी शर्करा व प्रथिनांतील अमिनो गट यांच्यातील मेलार्ड अभिक्रियेमुळे तपकिरी रंग व खमंग वास येतो. खव्यातील लॅक्टोज व दुधातील प्रथिने यांच्या अशा अभिक्रियेने पेढ्याला व तळलेल्या गुलाबजामाला रंग येतो.

किण्वन: यीस्टमधील विकरांमुळे ग्लुकोजपासून एथिल अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. दही लागताना जिवाणू लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्ल बनवितात.

महाराष्ट्रातील ऊस, साखर व गूळ

प्रकाशसंश्लेषणात वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून कर्बोदके तयार करतात. ऊस, ज्वारी, बाजरी व मका या पिकांत कार्बन प्रथम चार कार्बन अणूंच्या संयुगात बांधला जातो. उष्ण व प्रखर प्रकाशाच्या प्रदेशात ही पद्धत अधिक कार्यक्षम ठरते. बहुतेक वनस्पती कर्बोदके पिष्टाच्या रूपात साठवितात, पण ऊस ती सुक्रोजच्या रूपात खोडात साठवितो.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकार्याने उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. त्यानंतर राज्यात सहकारी साखर कारखानदारी वाढली. पाडेगाव (जि. सातारा) येथील ऊस संशोधन केंद्र व पुण्याजवळील मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या संस्था या क्षेत्रात संशोधन करतात.

साखर कारखान्यातील बहुतेक प्रक्रिया सुक्रोजचा विपर्यय टाळण्याभोवती रचलेल्या असतात. उसाचा रस आम्लधर्मी असल्याने त्यात चुन्याची निवळी मिसळून तो उदासीन करतात. पुढे रस निर्वात पात्रांत कमी तापमानाला आटवितात. रसातील साखर मोजण्यासाठी ध्रुवित प्रकाशाच्या वलनाचा उपयोग होतो व त्या मापाला ‘पोल’ म्हणतात. स्फटिक न होणारा भाग मळीत राहतो व त्यापासून किण्वनाने इथेनॉल तयार करतात. रस काढल्यावर उरणारे चिपाड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निनचे असते. ते बॉयलरमध्ये जाळून कारखान्याला लागणारी वाफ व वीज मिळविली जाते.

तोडलेल्या उसात पेशींमधील इन्व्हर्टेजमुळे सुक्रोजचा विपर्यय सुरूच राहतो. शिवाय ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू सुक्रोजपासून डेक्स्ट्रान ही चिकट बहुशर्करा बनवितात. तिच्यामुळे रसाचे गाळण मंदावते व स्फटिक नीट वाढत नाहीत. त्यामुळे तोडणीनंतर शक्यतो २४ तासांच्या आत गाळप व्हावे, अशी शिफारस केली जाते. तोडलेला ऊस फडात किंवा कारखान्याच्या आवारात उभ्या वाहनांत पडून राहिल्यास वजन घटते व साखरेचा उताराही घटतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) कारखान्याच्या उताऱ्याशी जोडलेला आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्यास प्रतिक्विंटल ३४० रुपये हा दर होता. एका ग्लायकोसिडिक बंधाच्या तुटण्याचा परिणाम अशा प्रकारे शेतकऱ्याच्या उत्पन्नापर्यंत पोचतो.

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उघड्यावर आटवितात. रसातील गाळ वर यावा म्हणून रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस वापरण्याची पद्धत आहे. त्यातील बहुशर्करा गाळाचे कण एकत्र बांधतात व ही मळी काढून टाकता येते. सुमारे १०५ अंश सेल्सिअसला काकवी मिळते, तर गुळासाठी तापमान ११८ अंशांच्या आसपास जावे लागते. शिळ्या उसाच्या रसात विपर्यय झालेली शर्करा अधिक असल्याने गूळ मऊ राहतो, पाणी शोषतो व ढेप टिकत नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

पचन व चयापचय

पिष्टाचे पचन तोंडात लाळेतील अमायलेजने सुरू होते व स्वादुपिंडाच्या अमायलेजने लहान आतड्यात पुढे चालते. आतड्याच्या अस्तरातील माल्टेज, सुक्रेज व लॅक्टेज हे विकर उरलेले बंध तोडतात. रक्तात केवळ एकशर्कराच शोषल्या जातात. अनेक प्रौढांमध्ये लॅक्टेजचे प्रमाण कमी होते व दूध पचत नाही. दह्यात काही लॅक्टोज आधीच वापरली गेलेली असल्याने ते अशा व्यक्तींना तुलनेने सोसते.

लहान आतड्यात ग्लुकोज व सोडियम यांचे शोषण एकाच वाहक प्रथिनाद्वारे एकत्र होते व त्यांच्यापाठोपाठ पाणीही शोषले जाते. अतिसारातही ही यंत्रणा बहुधा शाबूत राहते. साखर-मिठाच्या पाण्याचा म्हणजे जलसंजीवनीचा उपचार यावर आधारलेला आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पटकीच्या रुग्णांवर या द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर यशस्वी वापर केला. यातील ग्लुकोजचे काम केवळ ऊर्जा देणे हे नसून मीठ व पाणी आतड्यातून आत नेणे हे आहे. म्हणून साखर व मीठ यांचे प्रमाण काटेकोर असणे आवश्यक असते.

एक ग्रॅम पचनीय कर्बोदकापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. जास्तीची ग्लुकोज यकृत व स्नायू यांत ग्लायकोजेनच्या रूपात साठविली जाते व साठा भरल्यावर तिचे मेदात रूपांतर होते. इन्सुलिन हे संप्रेरक ग्लुकोजचा पेशींत प्रवेश व साठवण वाढविते, तर ग्लुकॅगॉन यकृतातील साठा मोकळा करते.

आहार व आरोग्य

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळील खेड्यांत गर्भवती मातांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बालके ब्रिटिश बालकांपेक्षा वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण तुलनेने टिकून असल्याचे त्यात आढळले. भारतीयांमध्ये कमी वजनाच्या व्यक्तींनाही मधुमेह का होतो, हे समजण्यास या संशोधनाने मदत झाली.

मधुमेहाच्या निदानासाठी वापरली जाणारी एचबीए१सी चाचणीही शर्करेच्या रसायनावर आधारित आहे. रक्तातील ग्लुकोजचा मोकळा अल्डिहाइड गट हिमोग्लोबिनमधील अमिनो गटाशी विकराविना जोडला जातो. ही मेलार्ड अभिक्रियेची पहिली पायरी होय. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवस असल्याने या चाचणीतून मागील दोन ते तीन महिन्यांतील ग्लुकोजच्या सरासरी पातळीचा अंदाज येतो. ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक मूल्य मधुमेहाचे निदर्शक मानले जाते.

पदार्थ खाल्ल्यानंतर रक्तातील ग्लुकोज किती वाढते हे दर्शविणारा ग्लायसेमिक निर्देशांक १९८१ मध्ये मांडला गेला. तो केवळ पदार्थाच्या गोडीवर अवलंबून नसतो. साबुदाणा हे कसाव्याच्या कंदातील जवळजवळ शुद्ध पिष्ट असून त्यात तंतुमय घटक नगण्य असतात. चवीला गोड नसला तरी उपवासाच्या दिवशी खाल्लेला साबुदाणा पचून ग्लुकोजच देतो. गुळात थोडी खनिजे असली तरी त्याचा मुख्य घटक सुक्रोजच असतो. त्यामुळे मधुमेही व्यक्तीने साखरेऐवजी गूळ खावा, या समजुतीला रासायनिक आधार नाही. याउलट अखंड कडधान्ये, भाज्या व कोंड्यासह धान्ये यांतील पिष्ट पेशीभित्तिकांच्या आवरणात असल्याने सावकाश पचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर, गूळ, मध व फळांचे रस यांतील मुक्त शर्करांपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी.

न पचणारी कर्बोदकेही आहारात निरुपयोगी नसतात. सेल्युलोज मलाचे आकारमान वाढविते, तर पेक्टिनसारखे विद्राव्य तंतू ग्लुकोजचे शोषण मंद करतात. मोठ्या आतड्यातील जिवाणू यांपैकी काही तंतूंचे किण्वन करून लघुसाखळी मेदाम्ले तयार करतात व त्यांचा उपयोग आतड्याच्या अस्तरातील पेशी ऊर्जेसाठी करतात.

हेही पहा

ग्लुकोज
सुक्रोज
पिष्ट
सेल्युलोज
प्रकाशसंश्लेषण
मधुमेह
गूळ